मुक्कामाला जागा मागताना

परक्या गावाच्या शिवारात रात्रीपुरती जागा मागणाऱ्याने आपले पूर्ण नाव सांगावे काय? ऐकायला प्रश्न किरकोळ वाटतो. लॉजवर उतरणाऱ्याला तो पडत नाही. तिथे रजिस्टर असते, ओळखपत्र असते, पैसे मोजलेले असतात. पाहुण्याकडे जाणाऱ्यालाही तो पडत नाही, कारण त्याचे नाव त्याच्या आधीच पोचलेले असते. पण आम्ही चार मित्र गेली काही वर्षे सुट्टीत मोटारसायकलींवर आडवाटांनी हिंडतो आणि रात्री जिथे परवानगी मिळेल तिथे तंबू ठोकून राहतो. तेव्हा रोज दिवस मावळायच्या सुमारास हा प्रश्न आमच्यासमोर येऊन उभा राहतो. चौघेही सोलापूरचे, चौघेही शिक्षक आणि चौघांचीही नावे अशी, की ती कानावर पडताच समोरच्याला आमचा धर्म कळतो.

आमच्या प्रवासात साहसाचा भाग फारसा नाही. गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, रोज शाळेला नेणाऱ्या. वेग चाळीस-पन्नासचा. मागच्या सीटवर रबरी पट्ट्याने बांधलेला तंबू, ताडपत्री, सोलापुरी चादरी, गॅसची छोटी शेगडी, पंक्चरचे सामान आणि आठ-पंधरा दिवस सहज टिकणारी कडक भाकरी, शेंगाची चटणी. एका वर्षी नान्नज, वैराग, बार्शी, परांडा करत उजनीच्या फुगवट्यापर्यंत गेलो. दुसऱ्या वर्षी अक्कलकोट, दुधनी, गाणगापूर करत गुलबर्ग्याला, म्हणजे 2014 पासूनच्या कलबुर्गीला, ख्वाजा बंदानवाज यांच्या दर्ग्यापर्यंत. हमरस्ता शक्यतो टाळायचा आणि नारिंगी डोक्याच्या दगडांवरून वाट काढायची. 2000 साली सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेचे रस्ते या दगडांवरून ओळखू येतात. हमरस्त्यावरून गाव नुसते दिसते. या रस्त्यांवरून ते भेटते. आणि भेट म्हटली की ओळखीचा प्रश्न आलाच.

नाव सांगण्याचा विचार करण्याआधी जागेचा विचार करायला हवा. आपण शहरातली माणसे माळ दिसला की ‘मोकळी जागा’ म्हणतो. नान्नजच्या आसपासचे माळरान पाहा. तिथल्या माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या हद्दीत तंबू टाकण्याचा प्रश्नच येत नाही. पण हद्दीबाहेरचा माळ तरी मोकळा आहे का? तिथे धनगरांची मेंढरे चरतात, काळवीट आणि लांडगा फिरतो, गावाचे गायरान असते. एकदा मे महिन्यात उजनीच्या काठाला सपाट, मऊ जमीन पाहून आम्हाला वाटले की ही कुणाचीच नसेल. विचारल्यावर कळले की पाणी ओसरले की या गाळपेर जमिनीत पीक घेतले जाते. धरण पुरे होऊन चार दशके उलटली, पण पाण्याखाली गेलेल्या बांधांची याद तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. मुक्कामाबाबत एका हदीसमध्ये ताकीद आहे की रात्री उतरताना वाटेवर उतरू नये, कारण रात्री ती वाट जनावरांची आणि सरपटणाऱ्या जिवांची असते. किती बारीक विचार आहे हा! माणूस झोपला म्हणून वाट निकामी होत नाही. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क सुरू होतो.

म्हणून आमचे पहिले मत असे, की मोकळी जागा अशी जगात नसतेच. तंबू कुठेही ठोका, आपण कुणाचे तरी पाहुणे असतो. पाहुणा म्हटला की विचारणे आले, आणि विचारायचे तर आधी बोलायचे कुणी?

याचे उत्तर आम्हाला मकतबमध्ये लहानपणी शिकवलेल्या सलामच्या नियमांत सापडले. स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला करावा, आणि थोड्यांनी जास्तांना करावा. लहानपणी ही नुसती तहजीब वाटायची. मोटारसायकलवरून गावात शिरताना तिचा अर्थ उलगडला. ज्याच्याकडे वेग आहे, जो वरून पाहतो, जो केव्हाही निघून जाऊ शकतो, त्याने आधी झुकायचे. आम्ही स्वार, आम्ही चालते, आणि गावापुढे आम्ही थोडे. तिन्ही नियमांनी आधी बोलण्याची जबाबदारी आमचीच ठरते. त्यामुळे वेशीपाशी इंजिन बंद करणे, हेल्मेट काढणे, तोंडावरचा रुमाल सोडणे आणि पारावर बसलेल्यांना आधी रामराम करणे हा आमचा शिरस्ता झाला आहे. अक्कलकोटच्या पुढे ‘शरणु शरणार्थी’ म्हणतो, धनगरवाड्याला ‘जय मल्हार’. आमच्यातल्या एकाला सुरुवातीला हे अवघड गेले. पण दुसऱ्याच्या दारात त्याच्या भाषेत बोलण्याने आपले इमान पातळ होत नाही, इतके तोही मानतो. वस्तीवर बाईमाणूस एकटी दिसली तर विचारायचेसुद्धा नाही, पुढे निघायचे, असेही ठरलेले आहे. चार परके पुरुष अंधारात दारी उभे राहणे हीच तिच्यासाठी भीती असते. मग आमचा हेतू कितीही नेक असो.

आता नावाकडे वळू. तिघांनी मिळून प्रवास केला तर एकाला अमीर करावे, अशी शिकवण आहे. आमच्यात वयाने मोठा असलेला मित्र अमीर असतो आणि बोलणी तोच करतो. त्याच्या आणि दुसऱ्या एका मित्राच्या वादातून हा लेख निघाला आहे. दुसऱ्याचे म्हणणे दखनीत असे : “नाम पूछे तो बोलेंगे. नै पूछे तो कायकू बोलना? सोलापूर के मास्टर हैं, इत्ता बस है.” या म्हणण्यात खोटे काही नाही. आम्ही सोलापूरचे आहोत आणि मास्तरही आहोत. रात्रीपुरत्या ओळखीला माणसाचा व्यवसाय आणि गाव पुरेसे का नसावे? नावातून कळतो तो धर्म, आणि जागा द्यायची की नाही याचा धर्माशी संबंध काय? अक्कलकोटच्या अन्नछत्रात पंगतीला बसणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही, दर्ग्याच्या लंगरमध्येही विचारत नाही. न विचारता देणे हेच देण्याचे उत्तम रूप नव्हे काय?

या युक्तिवादामागे भीती आहे, आणि ती काल्पनिक नाही. 2 जून 2014 च्या रात्री पुण्यात हडपसरला नमाज पढून खोलीवर परतणाऱ्या सोलापूरच्याच एका तरुण अभियंत्याला जमावाने ठार केले. कुणी केलेल्या आगळिकीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या वेशाने त्याचे नाव आधीच सांगून टाकले होते. त्या घटनेनंतर सोलापुरातल्या अनेक आयांनी बाहेरगावी असलेल्या मुलांना काय बजावले असेल, हे वेगळे सांगायला नको. आमच्या घरूनही निघताना तेच सांगितले जाते, थोड्या सौम्य शब्दांत.

पण परक्याला मारणाऱ्या जमावाला प्रत्येक वेळी मुसलमानच लागतो असे नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. त्यांतले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. या माणसांकडे लपवण्यासारखे नाव नव्हते. गोसाव्याची झोळी आणि साधूची भगवी वस्त्रे ही शतकानुशतके या मुलखात रस्ता मोकळा करून देणारी ओळख होती. अफवा पसरली तेव्हा तीही चालली नाही. याचा अर्थ एवढाच, की नाव लपवल्याने परका माणूस सुरक्षित होत नाही. भीतीने पेटलेल्या जमावाला नाव नको असते. त्याला फक्त परका हवा असतो.

मग गावाने विचारूच नये काय? आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या शिवारात रात्री कोण झोपले आहे हे जाणून घेण्याचा गावाला हक्क आहे. प्रश्न विचारण्याचा नाही, विचारण्याच्या जातीचा आहे. उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : तआरुफ आणि तफ्तीश. तआरुफ म्हणजे परिचय, तफ्तीश म्हणजे तपास. कुरआनच्या एकोणपन्नासाव्या सूरहमध्ये, सूरह हुजुरातमध्ये, माणसांची कुळे आणि कबिले का केले याचे कारण दिले आहे, ते म्हणजे त्यांनी एकमेकांना ओळखावे. तआरुफ त्याच धातूतला शब्द आहे. तआरुफमध्ये दोघे नाव सांगतात. तफ्तीशमध्ये एकच सांगतो आणि दुसरा उभा राहून ऐकतो. तआरुफ नावापासून सुरू होतो आणि पुढे पाऊसपाणी, पिके, पोरांच्या शाळा असा वाढत जातो. तफ्तीश नावापाशी येऊन थांबते, कारण तिला हवे ते मिळालेले असते.

हा भेद पुस्तकी वाटू नये म्हणून आमचे तीन अनुभव सांगतो. पहिला, बार्शी भागातल्या एका वस्तीवरचा. बांधावर बसलेल्या वयस्क शेतकऱ्याने विचारले, “कंच्या गावचं?” मग, “काय करता?” आणि मग नाव. अमीरने वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितले. म्हातारबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “ऱ्हावा की. पर आज एकादस हाय. वशाट शिजवू नगा.” आमच्याजवळ कडक भाकरी आणि शेंगाची चटणीच होती. ती पाहून तेच हसले आणि घरातून साबुदाण्याची खिचडी पाठवून दिली. दुसरा अनुभव दुसऱ्या वर्षीचा. एका गावात नाव ऐकेपर्यंत शाळेचे पटांगण दाखवणे चालले होते. नाव ऐकल्यावर आठवले की पटांगणात उद्या काही कार्यक्रम आहे. आम्ही सलाम करून निघालो आणि पुढे दहाबारा किलोमीटरवर एका पेट्रोलपंपाच्या आवारात झोपलो. तिसऱ्या ठिकाणी कुणी नाव विचारलेच नाही. तीनचार तरुणांनी आमच्या आधारकार्डांचे आणि गाड्यांच्या नंबरांचे फोटो मोबाइलवर काढून घेतले, ते कुठे पाठवले ते सांगितले नाही, आणि “झोपा आता” म्हणून निघून गेले. जागा मिळाली. झोप मात्र चौघांपैकी एकालाही लागली नाही.

वरवर पाहता दुसरा अनुभव नाव सांगण्याच्या विरोधात जातो. खुद्द आमच्या मित्राने तो तसा मांडला. पण पहिला अनुभव नीट पाहावा. नाव कळले म्हणूनच त्या शेतकऱ्याला आपली अट सांगता आली. आम्ही नुसते ‘सोलापूरचे मास्तर’ राहिलो असतो तर त्याने ती सांगितली नसती. कदाचित पाहुणचार जास्त मोकळा झाला असता, पण तो भलत्याच माणसांचा झाला असता. त्याने मनात उभ्या केलेल्या चौघांना खिचडी पोचली असती, आम्हाला नव्हे. नाव सांगण्याने नकाराचा धोका येतो, हे खरे. पण जो होकार नकार देऊ शकत नाही, तो होकारही नव्हे. यजमानाला आपण कोण ते न सांगता त्याच्याकडून चांगुलपणा घेणे म्हणजे चांगले वागण्याची संधीच त्याच्या हातून काढून घेणे होय. आणि नकार देणाऱ्यालाही निदान हे कळते, की आपण कुणाला नकार दिला. चार मास्तर त्याच्या दारातून भांडण न करता, सलाम करून गेले, एवढे तरी त्याच्या स्मरणात राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जिवावर बेतले असता जे खरे ते मनात ठेवून जीव वाचवण्याची मुभा आमच्या धर्माने दिली आहे; हजरत अम्मार बिन यासिर यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. रेल्वेच्या डब्यात किंवा भाड्याच्या खोलीच्या शोधात नाव बदलून सांगणाऱ्या मुलाला आम्ही भित्रा म्हणणार नाही. भीतीचा हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो. आमचे म्हणणे आमच्यापुरते आहे. पगार चालू आहे, गाडीत पेट्रोल आहे, नकार मिळाला तर पुढे जाता येते. अशा माणसाने नाव सांगण्याची जोखीम घ्यावी. स्वाराने आधी सलाम करावा याचा हाही एक अर्थ आम्ही लावतो.

कारण ज्यांना पुढे जाता येत नाही, असे प्रवासी त्याच रस्त्यांवर आहेत. जकातीच्या आठ हक्कदारांची यादी सूरह तौबामध्ये आहे. तीत शेवटचा हक्कदार इब्नुस्सबील, शब्दशः वाटेचा पुत्र. म्हणजे प्रवासात अडलेला माणूस. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेवर गरजू ठरू शकतो, असे शास्त्रकार सांगतात. वाटेवरच्या माणसाला लेकरू मानणारी ही दृष्टी एकीकडे. दुसरीकडे, याच देशात इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याखाली कितीतरी भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्याखाली आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तारा गेल्या, पण तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला, संशय गेला नाही. आम्ही माळावर नायलॉनचा तंबू ठोकतो त्याला हौस म्हणतात. गोसावी, कैकाडी, पारधी त्याच माळावर गोणपाटाचे पाल टाकतो तेव्हा पोलीस पाटलाला निरोप जातो. तेच आभाळ, तीच जमीन, तीच चूल. आम्हाला वर्षातून चार रात्री जो प्रश्न विचारला जातो, तो त्यांना पिढ्यान्‌पिढ्या रोज रात्री विचारला गेला आहे, आणि तोही तआरुफच्या सुरात क्वचितच.

दिवाळीच्या सुट्टीत हे अधिक जाणवते. आमची सुट्टी आणि कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण एकाच वेळी सुरू होतो. आम्ही हौसेने आडवाटेला लागतो, तेव्हा त्याच वाटेने बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून, बैलगाड्यांतून उतरत असतात. संसार, कोंबड्या, पाण्याची घागर, तान्ही पोरे, सगळे गाडीत. रात्री रस्त्याच्या कडेला त्यांचा आणि आमचा मुक्काम कधी कधी शेजारी पडतो. त्यांच्यातली सातवी-आठवीच्या वयाची मुले पाहिली की शिक्षक म्हणून आम्हाला पटावरच्या गैरहजेरीच्या रेघा आठवतात. आमची सुट्टी संपते तेव्हा आमची पोरे वर्गात येतात. त्यांची मुले हंगाम उठेपर्यंत, पाच-सहा महिने, फडातच. मुक्कामाचा हक्क असा काही असेल, तर तो आधी त्यांचा आहे. आमचा नंबर फार मागचा.

म्हणून हा प्रश्न शेवटी आपल्याच दारात आणावा लागतो. गावांनी आम्हाला कसे विचारावे यावर इतके लिहिले. आपल्या मोहल्ल्यालगत पाले पडतात, टोळी उतरते, तेव्हा आपण कसे विचारतो? पाहुण्याचा हक्क आणि तीन दिवसांची मेहमानी यांवर आपल्याकडे बयान होतात. ईदगाहचे मैदान वर्षातून दोन सकाळी भरते. उरलेले दिवस ते कुंपणात पडून असते. एका ऊसतोड टोळीने तिथे एका रात्रीपुरती जागा मागितली, तर जमातीतले कोण पुढे होईल, आधी कोण बोलेल, पाण्याचा नळ कोण दाखवेल? की आधारकार्डांचे फोटो काढले जातील? त्या रात्री स्वार आपण असू, बसलेले आपण असू, संख्येने जास्तही आपणच असू. सलामच्या नियमांचा काटेकोर अर्थ लावणारे म्हणतील, की बसलेल्याला आणि जास्तांना आधी सलाम त्यांनी करावा. नियम तसाच आहे. पण ज्याच्या हाती कुंपणाच्या फाटकाची किल्ली आहे त्याने वाट कशाला पाहावी? त्याने बाहेर यावे, आधी आपले नाव सांगावे, मग त्यांचे विचारावे.